माल सिंधुदुर्गचा, भाव परगावचा!

एप्रिल महिन्यात तिन्हीसांजेच्या सुमारास देवगड-जामसंडे परिसरातून आंब्याच्या पेट्यांनी भरलेले ट्रक एकापाठोपाठ एक मुंबईच्या वाटेला लागतात. दिवसभर झाडावरून काढलेले, प्रतवारी करून पेंढ्यात बसवलेले फळ रात्रभराचा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास करून पहाटे वाशीच्या फळबाजारात उतरते. त्याच सुमारास मालवणच्या किनाऱ्यावर होड्या लागलेल्या असतात, वाळूवर मासळीचे ढीग पडलेले असतात आणि बर्फ घातलेल्या गाड्या गोवा, कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरीच्या दिशेने निघण्याच्या तयारीत असतात. दोन्ही ठिकाणी माल उत्तम, मागणी मोठी आणि माणसे कष्टाळू. पण दोन्हीकडचे साम्य एवढ्यावरच संपत नाही. आंब्याचा बागायतदार पेटी ट्रकमध्ये चढवतो तेव्हा तिला भाव किती मिळणार, हे त्याला ठाऊक नसते. काही दिवसांनी दलालाची पट्टी हाती पडली की मग ते कळते. मच्छिमाराला भाव त्याच संध्याकाळी कळतो खरा. पण तो नाकारण्याची सोय त्याच्याकडे नसते.

सिंधुदुर्गच्या अर्थकारणाची खरी गोम येथे आहे. हापूस, मासळी, काजू आणि कोकम या चार जिनसांमुळे या जिल्ह्याचे नाव देशात आणि परदेशांतही पोहोचले. तरीही या जिनसांच्या घाऊक, किरकोळ आणि निर्यात व्यापारातील मोठा हिस्सा जिल्ह्याबाहेरच आकार घेतो. याचे कारण शोधताना नेहमी दोन उत्तरे दिली जातात: दलाल लुटतात, किंवा कोकणी माणूस व्यापारात कमी पडतो. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी. बाजारात भाव ठरतो तो माल कोणाचा यावर नव्हे, तर थांबण्याची ताकद कोणाकडे आहे यावर. सिंधुदुर्गच्या उत्पादकाकडे माल आहे. थांबण्याची ताकद मात्र त्याने कधी कमावली नाही आणि त्याला कोणी मिळवूनही दिली नाही.

व्यापारी राज्यातला उत्पादक जिल्हा

महाराष्ट्र हे व्यापाराचे राज्य आहे. मुंबईची बाजारपेठ, न्हावा शेवाचे बंदर आणि वाशीची बाजार समिती यांच्या बळावर राज्याने देशाच्या निर्यातीत दीर्घकाळ आघाडी राखली. गेल्या काही वर्षांत ते गुजरातनंतर दुसऱ्या स्थानावर आहे. परंतु व्यापाराची ही समृद्धी राज्यभर सारखी पसरलेली नाही. माल गोळा होतो तेथे नव्हे, तर तो साठवला जातो, निवडला जातो, बांधला जातो आणि विकला जातो तेथे पैसा थांबतो.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग हा या नियमाचा बोलका दाखला आहे. १२१ किलोमीटरचा समुद्रकिनारा, भरपूर पाऊस आणि साक्षरतेची जुनी परंपरा असूनही २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. त्या दशकात राज्यात लोकसंख्या घटलेले जे मोजके जिल्हे होते, त्यांत सिंधुदुर्ग एक होता. मुंबईला जाणारी आंब्याची पेटी आणि मुंबईला जाणारा तरुण यांचा संबंध वरवर दिसत नाही. पण तो आहे. प्रतवारी, साठवण, प्रक्रिया, हिशेब, वाहतूक, विमा ही कामे मालामागे जातात आणि रोजगार कामांमागे जातो.

हे नेहमीच असे नव्हते. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, ती या बंदराचे महत्त्व ओळखूनच. पुढे आंबोलीचा घाटरस्ता झाल्यावर बेळगाव आणि त्यापलीकडच्या मुलखातला माल वेंगुर्ल्याला उतरू लागला. व्यापारी आले, गोदामे झाली, पेढ्या उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि घाटमाथ्यावरच्या मालाने नवी वाट धरली. वेंगुर्ल्याचा समुद्र तोच राहिला, बंदरही जागचे हलले नाही. हलला तो व्यापार. वाहतूक आणि साठवण जिकडे सोयीची, तिकडे पेढी जाते, हा धडा कोकणाला तेव्हाच मिळाला होता.

उचल आणि पट्टी

हापूसच्या व्यापाराचा पाया एका शब्दात सांगायचा तर तो ‘उचल’ हा आहे. पावसाळा सरल्यानंतर बागेत खर्च सुरू होतो. खते, मोहोर संरक्षणाच्या फवारण्या, तुडतुडे आणि फुलकिडे यांवरील औषधे, राखणीसाठी ठेवलेल्या नेपाळी कामगारांचा पगार, पेट्यांची खरेदी असा हा खर्च फळ हाती येण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. बँकेचे पीककर्ज सगळ्यांना पुरते असे नाही आणि सामाईक सातबारा असलेल्या कोकणात ते अनेकांना वेळेवर मिळतही नाही. तेथे दलाल पुढे येतो. तो तारण मागत नाही, कागद मागत नाही. फक्त माल आपल्याच गाळ्यावर आला पाहिजे, एवढी अट घालतो. ज्याला हेही झेपत नाही तो बाग खंडाने देतो आणि आपल्याच झाडाच्या फळाच्या भावाशी त्याचा संबंध संपतो.

उचल घेतलेला बागायतदार हंगाम सुरू होण्याआधीच आपला ग्राहक ठरवून बसलेला असतो. गुढीपाडव्याच्या आसपास आवक कमी आणि भाव चढा असतो, तेव्हा त्याच्याकडे फळ थोडे असते. अक्षय्य तृतीयेनंतर फळ भरात येते, तेव्हा वाशीत पेट्यांचा आकडा लाखाच्या घरात जातो आणि भाव उतरतो. झाडावर तयार झालेले फळ आठवडाभरही थांबत नाही. मे महिन्याच्या मध्यानंतर वळवाची चाहूल लागली की उरलेला आंबा किलोच्या भावाने कॅनिंगला जातो. ज्या हापूसचे मार्चमध्ये डझनाने कौतुक झाले, त्याच हापूसचा मेमध्ये क्रेटने रस निघतो.

या व्यवहारात सुधारणा करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समित्यांची चौकट उभी केली. १९९६ मध्ये मुंबईचा घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातून वाशीला हलला. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. शेतकऱ्याला आपला माल हवा तिथे विकण्याचे स्वातंत्र्य मिळाले, अशी त्या वेळी चर्चा झाली. कायद्याच्या दृष्टीने ते खरेही होते. तथापि ट्रक वाशीच्याच वाटेने जात राहिले. कारण उघड आहे. उत्पादकाला वाशीशी बांधणारी दोरी कायद्याची नव्हती, ती उचलीची होती. कायदा सैल झाला. दोरी सैल झाली नाही.

येथे दलालाची बाजूही पाहिली पाहिजे. शेकडो बागांतून आलेला, वेगवेगळ्या प्रतीचा, नाशवंत माल एका सकाळी विकून टाकणे हे सोपे काम नाही. तो उधारीची जोखीम घेतो, न विकलेल्या पेटीची जबाबदारी काही अंशी उचलतो आणि हंगाम फसला तर त्याची उचलही अडकते. या सेवांना बाजारात किंमत आहेच. प्रश्न असा आहे की कर्ज देणारा, माल विकणारा आणि हिशेब करणारा हे तिघे एकच असतील तर त्या हिशेबाची तपासणी कोणी करायची? बाजारात दलाल असण्याने शेतकरी नाडला जात नाही. दलालावाचून दुसरा सावकार नसण्याने नाडला जातो.

नाव मोठे, ओळख अवघड

हापूसच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. देवगडचे नाव लागले की फळाला चार पैसे जास्त मिळतात आणि म्हणूनच ते नाव कोणत्याही पेटीवर लागते. कर्नाटकातून येणारा, दिसायला हापूससारखाच असलेला आंबा वाशीत आणि पुण्याच्या बाजारात देवगडच्या नावाखाली खपतो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचा हक्क कागदावर पक्का झाला. पण किरकोळ विक्रेत्याच्या टोपलीतले फळ कुठल्या बागेतले, हे मानांकनाच्या प्रमाणपत्रावरून ग्राहकाला कळत नाही.

२०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा, एकदा काढला की पुन्हा वापरता न येणारा शिक्का लावण्याची पद्धत आणली, ती याच अडचणीवर तोडगा म्हणून. हा उपाय किती यशस्वी होतो ते काही हंगामांनंतरच समजेल. पण त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. आजवर ग्राहकाला हमी देत होता तो गाळेवाला किंवा फळवाला. या शिक्क्यामुळे प्रथमच उत्पादकाने ती हमी स्वतःकडे घेतली. व्यापारात विश्वास हीच मोठी पुंजी असते आणि ती ज्याच्या नावावर जमा होते त्याच्या हाती भाव येतो.

निर्यात : फळाइतकीच कागदाची परीक्षा

निर्यात वाढली की शेतकऱ्याचे भले होईल, हे वाक्य गेली वीस वर्षे प्रत्येक हंगामात ऐकू येते. जगातील सुमारे ४० टक्के आंबा भारतात पिकतो. मात्र त्यातील एक टक्काही ताजे फळ म्हणून परदेशी जात नाही. आखाती देश हे जुने गिऱ्हाईक. तेथे मराठी आणि भारतीय घरे आहेत, अंतर कमी आहे आणि अटी सोप्या आहेत. खरी परीक्षा युरोप, जपान आणि अमेरिकेत होते.

अमेरिकेने १९८९ पासून बंद ठेवलेले दार २००७ मध्ये उघडले. अट अशी की फळावर विकिरण प्रक्रिया झाली पाहिजे. आरंभी त्यासाठी आंबा लासलगावला न्यावा लागे. पुढे पणन मंडळाने वाशीत सोय उभी केली. जपानला बाष्पप्रक्रिया लागते. १ मे २०१४ पासून युरोपीय महासंघाने भारतीय आंब्यावर फळमाशीच्या कारणावरून बंदी घातली. हंगामाच्या ऐन भरात आलेल्या त्या निर्णयाने निर्यातदारांची तारांबळ उडाली. फळांवरील प्रक्रिया आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठली. जून २०२२ मध्ये पणन मंडळाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साह्याने समुद्रमार्गे अमेरिकेला आंबा पाठवण्याचा प्रयोग केला, कारण विमानभाडे हेच निर्यातीतले मोठे ओझे आहे.

मे २०२५ मध्ये जे घडले ते या सगळ्यापेक्षा बोलके आहे. मुंबईहून विमानाने गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेतील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. फळात कीड सापडली नव्हती. विकिरण प्रक्रियेच्या नोंदीच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे सांगण्यात आले. फळ परत आणण्याचा खर्च फळापेक्षा जड, म्हणून निर्यातदारांनी माल नष्ट करणे पत्करले. नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलरचा होता. एका बागायतदाराने वर्षभर राखलेले फळ एका कागदावरील नोंदीने केराच्या पेटीत जाऊ शकते, ही निर्यातीची दुसरी बाजू आहे.

देवगडजवळ जामसंडे येथे पणन मंडळाने आंब्यासाठी सुविधा केंद्र उभारले आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तरी अमेरिकेच्या वाटेवरील हापूसला विकिरणासाठी वाशीला आणि विमानासाठी मुंबईला जाणे चुकलेले नाही. जिल्ह्यातून निर्यातीचे फळ जाते. निर्यात मात्र जिल्ह्यातून होत नाही. या दोहोंतला फरक आकडेवारीत दिसत नाही, पण बागायतदाराच्या खिशात दिसतो.

मासळी तासभरही थांबत नाही

आंबा आठवडाभर थांबत नाही, तर मासळी तासभर थांबत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरचा लिलाव म्हणूनच घाईचा असतो. मालवणात रापणीची जुनी पद्धत अजून टिकून आहे: अनेक घरांची जाळी एकत्र जोडायची, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायची आणि मिळकतीचे वाटे करायचे. सहकार हा शब्द कायद्यात येण्यापूर्वी तो येथे वाळूवर चालत होता. परंतु हा सहकार जाळ्यापाशी सुरू होतो आणि लिलावापाशी संपतो. बर्फ, साठवण, गाडी आणि ग्राहक व्यापाऱ्याचे असतात. बहुतेक वेळा होडीच्या दुरुस्तीसाठी आणि डिझेलसाठी दिलेली उचलही त्याचीच असते. बांगडा किंवा तारली एकदम मोठ्या प्रमाणात लागली की किनाऱ्यावर आनंद होतो आणि त्याच क्षणी भाव कोसळतो. सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकूल या किमती मासळीचा मोठा वाटा जिल्ह्याबाहेर जातो. निर्यातीसाठी लागणारे मोठे प्रक्रिया उद्योग रत्नागिरी, गोवा, तळोजा अशा ठिकाणी आहेत.

देशाच्या पातळीवर मत्स्यनिर्यातीचे चित्र झगझगीत आहे. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे १६.९८ लाख टन सागरी उत्पादने निर्यात केली आणि त्यांतून ६२ हजार कोटींहून अधिक रुपये मिळवले. पण या रकमेचा मोठा भाग गोठवलेल्या कोळंबीचा आहे आणि ती कोळंबी प्रामुख्याने आंध्र प्रदेशासारख्या राज्यांतील तळ्यांत वाढवलेली असते. समुद्रात पकडलेल्या कोळंबीची कथा वेगळी. ट्रॉलच्या जाळ्यांत समुद्री कासवे सापडतात, त्यांना सुटकेची वाट ठेवणारे उपकरण भारतीय नौका वापरत नाहीत, या कारणाने अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या समुद्रातील कोळंबीची आयात थांबवली. ज्या कोकण किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण करून पिले समुद्रात सोडण्याचे काम गावकरी आवडीने करतात, तेथली कोळंबीही कासवांच्याच कारणाने एका मोठ्या बाजारपेठेस मुकली.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा मत्स्यनिर्यातदारांची मोठीच कोंडी झाली. असे कर चढतात आणि उतरतात. त्यावर मालवणच्या मच्छिमाराचे नियंत्रण नाही. मात्र त्याचा फटका सर्वांत आधी कोणाला बसतो हे ठरलेले आहे. परदेशी मागणी घटली की कारखानदार खरेदी कमी करतो, व्यापारी भाव पाडतो आणि किनाऱ्यावरचा माणूस तो स्वीकारतो. साखळीत ज्याला थांबता येते तो नुकसान पुढे सरकवतो आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्यापाशी ते साचते.

पकडीचा प्रश्न याहून गंभीर आहे. पारंपरिक मच्छिमार आणि पर्ससीन नौका यांचा संघर्ष मालवणने अनेक वर्षे पाहिला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीला बंदी केली. २०२१ मध्ये राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा सुधारून दंड वाढवण्यात आला. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. वीज, कर्ज, विमा यांच्या सवलती त्यातून मिळू शकतात. या सवलतींतून किनाऱ्यावर बर्फ आणि शीतगृह उभे राहिले तर मच्छिमाराला काही तासांची उसंत मिळेल. आणि लिलावात काही तासांचीच किंमत असते.

काजू थांबू शकतो, उत्पादक नाही

हापूस आणि मासळी नाशवंत आहेत, म्हणून उत्पादक हतबल आहे, असे म्हणता येईल. पण काजूचे काय? नीट वाळवलेली काजू बी महिनोन्महिने टिकते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने दिलेल्या जातींनी येथील डोंगरउतार हिरवे केले. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही आहे. तरी मार्च ते मेमध्ये बी घरात येते आणि तेव्हाच्या भावाने लगेच विकली जाते. थांबण्याची क्षमता जिन्नसात आहे. शेतकऱ्याच्या घरखर्चात ती नाही.

काजूचा भाव वेंगुर्ल्यात किंवा सावंतवाडीत ठरत नाही. भारतातील कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या काजूपैकी निम्म्याहून अधिक बी पश्चिम आफ्रिका आणि इतर देशांतून येते. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरील आयातशुल्क ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. २०१९ मध्ये गरावरील शुल्क ४५ वरून ७० टक्क्यांवर गेले. पहिल्या निर्णयाने कारखानदाराला स्वस्त कच्चा माल मिळाला, दुसऱ्याने परदेशी गराच्या स्पर्धेपासून संरक्षण मिळाले. बी विकणारा शेतकरी या दोन्ही निर्णयांच्या बाहेर राहिला. जिल्ह्यातले छोटे प्रक्रिया उद्योजकही यात भरडले जातात: वर्षभराची बी हंगामात विकत घेऊन ठेवायला भांडवल लागते, ते मोठ्या खरेदीदारांकडे असते.

तेरेखोल नदीच्या पलीकडे पाहिले की धोरणाचा फरक कळतो. गोवा सरकार काजूला आधारभूत दर देते. २०२३ मध्ये तो किलोला १२५ वरून १५० रुपये करण्यात आला. बाजारभाव खाली गेला तर फरक सरकार भरते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये काजू मंडळाचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये किलोला १० रुपये, जास्तीत जास्त दोन हजार किलोपर्यंत, असे अनुदान जाहीर झाले. अनुदान आणि आधारभाव यांत एक मूलभूत भेद आहे. अनुदान हंगामानंतर हाती पडते आणि ते बाजारातला भाव बदलत नाही. आधारभाव आधी ठाऊक असतो. म्हणून शेतकरी व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हणू शकतो. हे ‘नाही’ म्हणता येणे हाच व्यापारातला पहिला अधिकार आहे.

बोंडूची कथा त्याहून खेदाची. गोव्यात काजूच्या बोंडांपासून फेणी होते आणि २००९ मध्ये तिला मानांकनही मिळाले. अलीकडच्या बाजूला, त्याच मातीत पिकलेले बोंडू मोठ्या प्रमाणात झाडाखाली कुजतात. रस, सरबत, वाइन यांचे प्रयोग झाले, पण त्यांतून मोठा उद्योग उभा राहिला नाही. फळाचा अर्धा भाग फेकून देऊन उरलेल्या अर्ध्याचा भाव परक्याने ठरवायचा, अशी ही शेती आहे.

किरकोळ व्यापाराने दाखवलेली वाट

निराशेच्या या चित्रात एक अपवाद आहे आणि तो संकटातून पुढे आला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने बाजार विस्कळीत झाले, तेव्हा आंबा झाडावर तयार होता. अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांशी थेट संपर्क साधला. भ्रमणध्वनीवर मागणी, बँकेत पैसे आणि सोसायटीच्या दारात पेटी, असा व्यवहार सुरू झाला. मुंबईतला चाकरमानी हा कोकणचा जुना ग्राहक. त्या वर्षी तो वितरकही झाला. ज्यांनी ही ओळख टिकवली त्यांना पुढेही तिचा उपयोग झाला.

दुसरी संधी पर्यटनाची. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग येथे येणारा पर्यटक म्हणजे दारात चालून आलेला किरकोळ ग्राहक. घरगुती खानावळीत ताटात पडणाऱ्या सुरमईला किनाऱ्यावरच्या लिलावापेक्षा कितीतरी जास्त मोल मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर सुक्या बीपेक्षा चांगल्या भावाने विकले जातात. आमसूल, आगळ, कोकम सरबत यांची विक्री घरच्या बायका बचत गटांतून करतात. त्यांचा माल टिकतो आणि म्हणून त्या भाव ठरवू शकतात. पण येथेही नीट पाहावे लागते. जिल्ह्याच्या आठवडा बाजारांत भाजी मुख्यतः घाटावरून, कोल्हापूर-बेळगावकडून उतरते. पर्यटकाच्या ताटातला मासा मालवणचा असला तरी कांदा, बटाटा, टोमॅटो परगावचा असतो. पर्यटनाने आलेला पैसा त्याच घाटाने परत जाऊ नये, हा विचार कोणत्याही पर्यटन आराखड्यात प्रथम हवा.

थेट विक्रीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. हजारो टन आंबा सोसायट्यांच्या दारात विकला जाणार नाही आणि सगळी मासळी खानावळीत खपणार नाही. घाऊक बाजार लागणारच. प्रश्न वाशीला पर्याय शोधण्याचा नाही, वाशीत जाताना हाती दुसरा पर्याय असण्याचा आहे. ज्याच्या फळापैकी पाव हिस्सा थेट विकला जातो, तो उरलेल्या तीन हिश्शांसाठीही वेगळ्या आवाजात बोलतो.

थांबण्याची ताकद कशी येईल?

यासाठी नव्या घोषणांची फारशी गरज नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून अस्तित्वात आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ठरावीक प्रमाणात सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी कर्ज घ्यायचे आणि भाव आल्यावर विकायचे, अशी ती सरळ योजना आहे. काजू बी त्यात बसते. उचलीच्या पद्धतीला याहून नेमके उत्तर दुसरे नाही. उणीव आहे ती गावागावांत गोदामांची, वजन-प्रतवारीच्या सोयीची आणि हंगामाआधी ही योजना शेतकऱ्याच्या ओट्यावर नेणाऱ्या यंत्रणेची.

मासळीला गोदाम चालत नाही, तिला बर्फ चालतो. मच्छिमार सोसायट्यांकडे बंदराजवळ बर्फाचा कारखाना आणि लहान शीतगृह असेल, तर लिलावात बोली मनासारखी आली नाही म्हणून माल रात्रभर ठेवता येईल. समुद्रातील कोळंबीसाठी कासव सुटकेच्या उपकरणाची सक्ती आणि तपासणी प्रामाणिकपणे झाली, तर बंद झालेले एक दार ठोठावता येईल. हापूससाठी प्रक्रियेची आणि कागदपत्रांची सोय बागेच्या जितकी जवळ, तितका बागायतदार निर्यातदाराच्या भूमिकेकडे सरकेल. आणि सामाईक सातबाऱ्याच्या जमिनीवर पीककर्ज देण्याचा गुंता सुटल्याशिवाय उचलीची दोरी कापली जाणार नाही.

यातले प्रत्येक काम लहान आहे, म्हणूनच ते मागे पडते. महामार्ग, विमानतळ, बंदर यांचे भूमिपूजन होते, छायाचित्रे येतात. तालुक्याच्या गोदामाचे भूमिपूजन कोणी करत नाही. मोठे रस्ते झाले की माल लवकर बाहेर जातो, एवढेच घडले तर जिल्ह्याचे दुखणे बरे होण्याऐवजी वेगवान होईल. वेंगुर्ल्याने ते एकदा अनुभवले आहे.

उत्पादकांनाही स्वतःकडे पाहावे लागेल. सहकाराने पश्चिम महाराष्ट्रात साखर आणि दूध उभे केले. कोकणात सहकारी संस्था निघाल्या, पण मोजक्याच टिकल्या. एका गावात दहा बागायतदार आणि दहा वेगवेगळे दलाल, ही स्थिती कोणत्याही सरकारी आदेशाने बदलणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या रापणकरांना जाळे एकत्र ओढण्याचे शहाणपण होते. त्याच शहाणपणाने लिलावही एकत्र करता आला, तर वाळूवर पडलेल्या ढिगाची किंमत गाडीतून आलेला माणूस एकट्याने सांगणार नाही.

येत्या हंगामातही देवगडचे ट्रक संध्याकाळी निघतील, मालवणच्या होड्या किनाऱ्याला लागतील आणि वेंगुर्ल्याच्या अंगणात काजू बी वाळत पडेल. माल कमी नाही, मागणी कमी नाही. ज्या दिवशी या तिघांपैकी एकजण तरी खरेदीदाराला ‘आज नाही, उद्या या’ असे सांगू शकेल आणि त्या रात्री त्याच्या घरची चूल अडणार नाही, त्या दिवसापासून सिंधुदुर्गच्या मालाचा भाव सिंधुदुर्गात ठरू लागेल.